वस्तऱ्याने दाढी करताना डाव्या हाताचे काम

उघड्या वस्तऱ्याने स्वतःची दाढी स्वतः करायला शिकणाऱ्याला गाल फारसा त्रास देत नाहीत. कल्ल्यापासून जबड्यापर्यंतची जागा बरीचशी सपाट असते, तिथली कातडी ताणायला सोपी असते आणि केसही बहुधा वरून खाली, एकाच दिशेने वाढलेले असतात. तिथे हात लवकर बसतो आणि आपल्याला वस्तरा जमला असे वाटू लागते. खरी शिकवणी त्यानंतर, जबड्याची कड, हनुवटी, नाकाखालची जागा आणि घाटीच्या, म्हणजे कंठमण्याच्या, भोवतालची मान या चार ठिकाणी सुरू होते. या जागांवर पुष्कळ काळ घालवल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की तिथे जे काही शिकायचे असते, त्यातले निम्म्याहून अधिक वस्तरा न धरलेल्या हाताने शिकायचे असते.

वस्तऱ्याचे पाते सुमारे सात सेंटिमीटर लांब आणि सरळ असते, आणि चेहऱ्यावर तेवढी सरळ जागा गालाखेरीज कुठेच नाही. पाते वाकणार नाही, तेव्हा कातडीच ताणून, सरकवून, सपाट करून पात्यापुढे आणावी लागते. किंग कँप जिलेट यांना १९०४ साली ज्या सेफ्टी रेझरचे अमेरिकेत पेटंट मिळाले, त्या जातीच्या रेझरमध्ये ब्लेडच्या पुढे एक दांडी असते. ती ब्लेडचा थोडाच भाग उघडा ठेवते, आणि जाता जाता समोरची कातडी दाबून ताणून घेते. आपण आयुष्यभर तसला रेझर वापरतो म्हणून कातडी ताणण्याचे हे काम कुणीतरी करत असते, हे आपल्या ध्यानातच येत नाही. उघड्या वस्तऱ्याला अशी दांडी नाही, म्हणून तिचे काम डाव्या हाताकडे येते. (मी उजव्या हाताने वस्तरा धरतो. डावखुऱ्या वाचकांनी पुढचे सगळे उलट करून वाचावे.)

हे मला पुस्तकी वर्णनांपेक्षा सलूनमध्ये अधिक स्पष्ट कळले. आमच्या भागातील एक वयस्क कारागीर दाढी करत असताना मी मुद्दाम त्यांच्या डाव्या हाताकडे पाहत असे. वस्तरा गालावर टेकण्याच्या आधीच त्यांचा अंगठा कातडीवर टेकलेला असे. अंगठ्याने कातडी वर ओढली जाई, तर्जनी आणि मधले बोट तिला बाजूने पसरून धरीत, आणि वस्तरा त्या बोटांच्या मधल्या ताणलेल्या पट्टीवरूनच खाली येई. पट्टी संपली की वस्तरा उचलला जाई, बोटे पुढे सरकत आणि मगच पुढचा हात, म्हणजे वस्तऱ्याची पुढची ओढ, फिरे. गिऱ्हाइकाशी त्यांचे बोलणेही याच कामाचा भाग असे. “मान वर करा”, “ओठ आत घ्या”, “गाल सैल सोडा” या प्रत्येक सूचनेने ते कातडीचा एखादा तुकडा सपाट करून घेत होते. अर्थात ते समोर उभे असतात, त्यांना दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. आपल्याला आरशात पाहत, स्वतःच्याच हाताच्या आडून हे करायचे असते, म्हणून त्यांची रीत जशीच्या तशी उचलता येत नाही.

पहिली अडचण अगदी साध्या ठिकाणी येते. साबणाने आणि पाण्याने ओली झालेली कातडी बोटांतून निसटते. यावर उपाय सलूनच्याच टेबलावर असतो. तुरटीचा खडा किंचित ओला करून डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांना चोळावा आणि बोटे सुकू द्यावीत, म्हणजे त्यांना चांगली पकड येते. ज्या जागी बोटे टेकायची तिथला फेस आधी पुसून घ्यावा. मी खांद्यावर सुका पंचा ठेवतो आणि दर दोन-तीन हातांनंतर बोटे पुसतो. इतकी किरकोळ गोष्ट, पण तिच्यावाचून जबड्याच्या पुढे सरकणे मला शक्य झाले नसते.

जबड्याच्या कडेवर शिकाऊ माणूस सहसा गालावरून आलेला हात तसाच हाडावरून खाली मानेवर नेऊ पाहतो. हाड ओलांडताना कातडीचा उतार एकदम बदलतो, वस्तऱ्याचा कोन मात्र तोच राहतो, आणि पात्याची धार कातडीत रुतण्याच्या बेतात येते. वस्तऱ्याची पाठ कातडीपासून थोडीच, साधारण तीस अंशांच्या कोनात उचललेली असावी, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. पण तो कोन ज्या ठिकाणी धार टेकली आहे तिथल्या कातडीशी मोजायचा असतो, हे जबड्यावर आल्यावर समजते. माझी रीत अशी आहे की मी गालावरचा हात हाडाच्या जरा वरच थांबवतो. मग डाव्या हाताची बोटे गालावर टेकवून कातडी कानशिलाकडे इतकी ओढतो की जबड्याखालची कातडी वर सरकून हाडाच्या वरच्या सपाट भागावर येते. डोके किंचित विरुद्ध बाजूला वळवले की ताण अधिक चांगला बसतो. आता ज्या केसांसाठी हाडाला वळसा घालावा लागला असता ते केस आपल्यासमोर सपाटीवर असतात, आणि दोन-तीन छोट्या हातांत ती जागा साफ होते. उजव्या गालासाठी डावा हात डोक्यावरून पलीकडे न्यावा लागतो. आरशासमोर हे दृश्य विचित्र दिसते, पण ताण मिळवण्याचा त्याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही.

हनुवटीची अडचण वेगळी आहे, आणि ती मी आधी दाबाचा हिशेब करून समजून घेतली. गालावर पात्याचा बराच भाग एकाच वेळी टेकलेला असतो, त्यामुळे हाताचा भार त्या साऱ्या लांबीवर वाटला जातो. हनुवटी गोल असल्याने तिथे पात्याचे जेमतेम काही मिलिमीटर टेकतात आणि हाताचा तोच भार तेवढ्याशा जागेवर पडतो. त्यात तिथले केस राठ आणि दाट असतात. पाते अडखळते आणि मन म्हणते, जरा दाबावे. तिथेच न दाबता थांबायचे असते. केस कापले जात नसतील तर फेस पुन्हा लावावा आणि पाणी मुरू द्यावे. केस पाणी शोषून मऊ होतो आणि मऊ केस कापायला जोर कमी लागतो, म्हणून हनुवटीला मी फेस सर्वांत आधी लावतो आणि तिथली दाढी सर्वांत शेवटी करतो. खालचा ओठ दातांवरून आत घेतला की ओठाखालची खळी भरून येते. मग दोन्ही बाजूंनी तिरपे, बोटभर लांबीचे हात मध्याकडे आणायचे. हनुवटीच्या टोकाखाली मात्र डोके मागे टाकून, चिमटीत धरलेली कातडी बाजूला ओढून काम करावे लागते.

वस्तऱ्याचा आवाजही या जागी उपयोगी पडतो. दोन्ही बाजूंनी पोकळ घासलेल्या पातळ पात्याचा खुंटांवरून जाताना बारीक खरखर असा स्पष्ट नाद येतो. कोन बरोबर असेल तर तो नाद सलग असतो. पाठ जास्त उचलली गेली की तो खरवडल्यासारखा होतो. हनुवटीखाली डोळ्यांना नीट दिसत नाही, त्यामुळे तिथे कानाने कोन सांभाळायला शिकणे मला फार मोलाचे वाटते.

नाकाखालची जागा जेमतेम दोन बोटांची, मध्ये खोलगट, वर नाक आणि खाली ओठ. सात सेंटिमीटरचे पाते तिथे आडवे मावते, पण वस्तऱ्याची पाठ नाकाला अडते आणि कोन आपोआप मोठा होतो. म्हणून डाव्या अंगठ्याने नाकाचे टोक वर उचलायचे आणि वरचा ओठ दातांवर खाली ताणून धरायचा. एवढे केले की पाठ कातडीजवळ ठेवायला जागा होते. आधी वरून खाली हलके, अगदी आखूड हात मारावेत. नंतर पाते उभे धरून, पुढचे टोक नाकाकडे ठेवून, बाजूकडून मधल्या खोलगट भागाकडे यावे. गोल टोकाचा वस्तरा इथे शिकणाऱ्यासाठी निःसंशय बरा, कारण चौकोनी टोक नाकपुडीच्या अगदी कडेपर्यंत पोहोचते खरे, पण ते टोचतेही. आणखी एक पथ्य इथे विशेष कडकपणे पाळावे लागते. पाते धारेच्या रोखाने, म्हणजे सुरी भाजीवर फिरते तसे, आडवे कधीही सरकू द्यायचे नाही. उघड्या वस्तऱ्याच्या खोल जखमा बहुतांशी अशा सरकण्यानेच होतात, आणि ओठाजवळ चेहरा जरा हलला तरी पाते सरकू शकते. म्हणून वस्तरा टेकलेला असताना बोलणे नाही, गिळणे नाही.

सलूनमध्ये हल्ली सर्वत्र दिसतो तो अर्धे ब्लेड घालायचा वस्तरा. त्याचे पाते जेमतेम चार सेंटिमीटरचे असल्यामुळे नाकाखाली तो सोयीचा वाटतो. दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड मिळते, हा त्याचा मोठाच फायदा आहे. पण तो वजनाला हलका असल्याने आपला हात नकळत भार टाकतो, आणि नवे ब्लेड तो भार मुळीच सोसून घेत नाही. अवघड जागांसाठी मी पूर्ण पात्याचा वस्तराच पसंत करतो. त्याला चामड्याच्या पट्ट्यावर परजण्याचे रोजचे काम आहे, आणि ते टाळता येत नाही. बोथट धार गालावर एक वेळ चालून जाते. हनुवटीवर ती केस ओढते.

मानेबद्दल बोलायचे तर आधी नकाशा हवा. दोन दिवसांची वाढ होऊ द्यावी आणि कोरडे बोट मानेवरून चारही दिशांना फिरवून पाहावे. ज्या दिशेला बोट गुळगुळीत जाते ती तिथल्या केसांची सुलटी दिशा. माझ्या मानेवर जबड्याखाली केस खाली जातात, घाटीच्या डावीकडे ते आडवे होतात आणि गळ्याच्या तळाशी चक्क वर वाढतात. म्हणजे वरून खाली फिरवलेला हात वर सुलटा असतो आणि तळाशी उलटा. वरून खाली म्हणजे सुलटे, हे गालावर शिकलेले समीकरण मानेवर लागू पडत नाही. तिथे जी आग होते आणि पुरळ उठते, त्यामागे अनेकदा हेच असते. घाटीवर थेट पाते नेण्याची गरजच नसते. कातडी बोटांनी बाजूला ओढली की घाटीवरचा भाग शेजारच्या सपाट स्नायूवर येतो, तिथे दाढी करावी, मग कातडी सोडून दुसऱ्या बाजूला ओढावी.

मानेवर मी उलटा हात फिरवत नाही. केस ताणून कातडीच्या पातळीखाली कापला गेला, आणि तो मुळात वळणदार असला, तर वाढताना तो पुन्हा कातडीत शिरतो आणि तिथे लालसर फोड येतो. कुरळी दाढी असणाऱ्यांना हा त्रास विशेष होतो. गालावर सुलटा, आडवा आणि उलटा असे तिन्ही हात मी करतो. मानेवर सुलटा आणि आडवा झाला की वस्तरा पुसून ठेवतो. संध्याकाळपर्यंत घाटीच्या डावीकडे बोटाला थोडे खुंट लागतात आणि ते मी तसेच राहू देतो.