आमची वाटचाल : डबरापासून क्रश सँडपर्यंत

आमचा क्रशर, म्हणजे दगड फोडून खडी काढायचा कारखाना, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यात आहे. या पट्ट्यात काळ्या पाषाणाला तोटा नाही, म्हणून वडिलांनी आधी डबर, म्हणजे बांधकामाचे मोठे ओबडधोबड दगड, पुरवायला सुरुवात केली आणि मग एक जॉ (दगड फोडायचं मशीन), एक चाळण टाकून खडी काढू लागले. तेव्हा रॉयल्टीचं, म्हणजे काढलेल्या दगडावर सरकारला द्यायच्या रकमेचं, चलन भरायचं, पासबुक आणायचं, गाडीच्या प्रत्येक खेपेला कार्बन घालून वाहतुकीचा पास फाडायचा. एकाच पासावर दोन-तीन खेपा मारणारे होतेच. त्यांचा दर आमच्यापेक्षा कमी असायचा, त्यामुळे गिऱ्हाईक तोंडावर विचारायचं, "पास नको, कितीला पडंल?"

२०१२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि ५ हेक्टरच्या आतल्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागू झाली. पुढच्या वर्षी राज्याचे गौण खनिज (दगड, मुरूम, वाळू वगैरे) नियम आले. खाणकाम आराखडा, प्रदूषण मंडळाची संमती, पत्र्याचं आच्छादन, पाण्याचे फवारे, स्फोटकांची वेगळी परवानगी. यातलं बरंचसं हवंच होतं. धुळीचा त्रास शेजारच्या उसाला होतो, तसा आमच्या माणसांनाही होतो. राग एवढाच की फाईल एका टेबलावर महिनोन्‌महिने पडून राहिली आणि क्रशर बंद असला तरी बँकेचा हप्ता काही थांबला नाही.

लोक विचारतात, सरकारनं तुम्हाला काय दिलं? माझ्या मते पहिली खरी मदत म्हणजे 'महाखनिज' या सरकारी प्रणालीवरचा ऑनलाइन पास. अनुदान वगैरे नंतर. गाडी नंबर, माल किती ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), ठिकाण, वेळ सगळं पासावर येतं, त्यामुळे एका पासावर दुसरी खेप मारणं अवघड झालं. पकडला तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, वर गाडीचा वेगळा. चोरटी वाहतूक संपली म्हणत नाही, रात्री रस्त्यावर उभं राहिलं की कळतं. पण आमच्या आणि त्यांच्या दरातलं अंतर कमी झालं. जुलै २०२१ पासून रॉयल्टी ब्रासला ६०० रुपये झाली, तरी आम्ही टिकलो ते यामुळेच.

पासाची वेळ मात्र ताप देते, कारण पास ठरावीक वेळेपुरताच चालतो. कोल्हापूरच्या तावडे हॉटेल चौकाजवळ वाहतूक तुंबली किंवा टायर बसला की पास संपतो आणि रॉयल्टी भरलेला माल कागदावर चोरीचा ठरतो. आमचा ड्रायव्हर अशा वेळी गाडीचा आणि टायरचा फोटो काढून ठेवतो.

नदीची वाळू दुर्मिळ झाली तसं आम्ही दगडापासून वाळूसारखा दाणा, म्हणजे क्रश सँड, काढणारं व्हीएसआय मशीन घेतलं. गवंड्यांना सुरुवातीला पटेना. "ही डस्टच की!" म्हणायचे. डस्ट म्हणजे खडी काढताना उरलेला चुरा. क्रश सँडचा दाणा मुद्दाम गोल करून चाळावा लागतो. मूठभर ओली करून दाबली आणि तळहातावर राखाडी चिखल राहिला, तर माल परत पाठवा, असं आम्हीच सांगतो. आयएस ३८३ या भारतीय मानकाप्रमाणे ७५ मायक्रॉनपेक्षा बारीक (पिठासारखा) भाग १५ टक्क्यांच्या आत लागतो. पावसाळ्यात चाळण्या चोंदतात, तेव्हा हे सांभाळताना घाम फुटतो.

मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कृत्रिम वाळूचं, म्हणजे याच क्रश सँडचं, धोरण मंजूर केलं. त्यात जिल्ह्यातल्या पहिल्या ५० युनिटना रॉयल्टी ६०० ऐवजी २०० रुपये. ब्रासमागे ४०० रुपये वाचणं आमच्यासारख्याला मोठं आहे. पण 'पहिल्या' या शब्दामुळं ज्याच्याकडे कागद तयार, तोच पुढं. आराखडे, संमत्या यांची बाडं आम्ही इतकी वर्षं जपली, त्यांचा आता उपयोग होतोय. अर्ज दिला आहे, निर्णय यायचा आहे, त्यामुळे आम्हाला रॉयल्टीचा दर अजून जुनाच.

घर बांधणाऱ्यांना एक विनंती. गाडी उतरवण्याआधी पास मागा आणि त्यावरचा नंबर गाडीच्या पाटीशी ताडून बघा. आमचा ड्रायव्हर न मागताच दाखवेल.