नानांच्या डोळ्याचा पडदा

श्रावणातली गोष्ट. नाना ओट्यावर बसले होते, मला हाक मारून म्हणाले, "बाई, माले उजव्या डोयापुढे जायं दिसी ऱ्हायनं." आईला वाटलं मोतीबिंदू. माझ्या पोटात मात्र धस्स झालं. नानांना शुगर निघून बारा वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत आम्ही त्यांच्या डोळ्याचा पडदा एकदाही तपासून घेतला नव्हता. मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. ऑक्सिडेशन हा माझा रोजचा विषय.

दुसऱ्या दिवशी चोपड्याहून सकाळच्या एस.टी.नं जळगावला गेलो. बाहुल्या मोठ्या व्हायचे थेंब, मग पडद्याचा फोटो. केशरी पडद्यावर लाल ठिपके आणि मधोमध, जिथे नजर सगळ्यात तीक्ष्ण असते तिथे, पिवळसर डाग. डाव्या डोळ्यातही ठिपके होतेच, आणि त्या डोळ्यानं नाना अजून केळीचे घड लांबून मोजतात! काहीही न दुखता, काहीही न दिसता हे आत चाललं होतं.

त्या रात्री मला तो पावडरचा डबा आठवला. दोन वर्षं नाना दर महिन्याला तो विकत घेत होते. देणाऱ्यानं सांगितलं होतं, यात अँटीऑक्सिडंट आहे, म्हणजे ऑक्सिडेशन रोखणारा पदार्थ, तो डोळ्याला जपतो. शब्द माझ्या ओळखीचा होता म्हणून मी काही बोलले नाही. त्याची खंत आजही आहे.

मग वाचायला बसले. ऑक्सिडेशननं डोळ्याला इजा होते हे म्हणणं खोटं नाही, हे आधी सांगते. डोळ्याचा पडदा शरीरात सगळ्यात जास्त ऑक्सिजन लागणाऱ्या भागांपैकी एक. त्यात चटकन ऑक्सिडाइज होणारी स्निग्धाम्लं भरपूर, आणि त्यावर दिवसभर उजेड. २००१ साली मायकेल ब्राउनली या संशोधकांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक मांडणी केली. साखर पेशीचं नुकसान चार वेगवेगळ्या वाटांनी करते हे तोवर माहीत होतं. या चारही वाटांचं मूळ एकच आहे, असं त्यांचं म्हणणं. पेशीत साखर जास्त झाली की मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात, सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा नासधूस करणारा प्रकार वाढतो, त्यामुळे ग्लुकोज वापरण्याच्या साखळीतलं एक एन्झाइम मंदावतं आणि मागचा माल तुंबतो. आपल्याकडे पाटाची चारी पुढे तुंबली की पाणी मागे बांध फोडून नको त्या वाफ्यांत शिरतं, तसंच हे.

मग अँटीऑक्सिडंट खाऊन भागत का नाही? सुपरऑक्साइड एकदा होऊन थांबत नाही, क्षणोक्षणी होत राहतो. बाहेरून घेतलेला जीवनसत्त्वाचा रेणू एकाला भिडतो आणि खर्ची पडतो. शरीराचं स्वतःचं एन्झाइम, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, न संपता हजारोंना आवरतं. मधुमेहींना साडेचार वर्षं रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व देऊन पाहिलं, तर ना हृदयाला फायदा झाला ना मूत्रपिंडाला. म्हणून आता बरंचसं संशोधन आतल्या यंत्रणेकडे वळलंय: स्वतःची संरक्षक एन्झाइमं चालू करणारं एनआरएफ-टू हे प्रथिन, बिघडलेले मायटोकाँड्रिया पेशी मोडीत कसे काढते, लोहामुळे होणारा पेशीमृत्यू. यातलं बरंच काम अजून उंदरांवर आणि काचपात्रातल्या पेशींवरच आहे. डब्यावर छापण्याजोगं त्यात काही नाही.

मला झोप लागू दिली नाही ती वेगळ्याच गोष्टीनं. टाइप वन मधुमेहाच्या (यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही) १,४४१ रुग्णांवर अमेरिका-कॅनडात मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. ज्यांची साखर कडक आवरली, त्यांच्यात डोळ्यांचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखीच झाली, तरी पूर्वी सैल राहिलेल्यांचे डोळे पुढे वर्षानुवर्षं जास्त बिघडत गेले. साखर खाली आली, पण शरीर जुने दिवस विसरलं नाही. याला 'मेटाबॉलिक मेमरी' म्हणतात. रेणू कौलुरू या संशोधिकेनं उंदरांत दाखवलं की बराच काळ साखर वाढलेली राहिली, तर ती आवरल्यावरही पडद्यातला ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे ऑक्सिडेशनचा मारा, ओसरत नाही.

नानांची पहिली आठ-नऊ वर्षं अशीच सैल गेली. ती परत आणता येणार नाहीत. मी हे त्यांना सांगितलेलं नाही. उजव्या डोळ्यात तीन इंजेक्शनं झालीत, सूज उतरतेय, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी शुगर (एचबीए१सी) ९.८ वरून ७.४ टक्क्यांवर आली. डबा बंद केला. रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "पहिलेच सांगाले पाहिजे व्हतं."

आईला शुगर निघून दीड वर्ष झालं. टाइप टूमध्ये, म्हणजे मोठ्या वयात सहसा होणाऱ्या मधुमेहात, पडदा निदान होताच तपासायचा असतो, आणि तिचा अजून राहिलाच आहे. "माले तं चांगलं दिसस," असं ती म्हणते. सोमवारी नानांची तारीख आहे. या वेळी एस.टी.ची तीन तिकिटं काढणार आहे.