तुम्ही विचारलंत म्हणून : कान फुटेपर्यंत कळलं कसं नाही?

गेली तीन वर्षे मी या प्रश्नाला तोंड देते आहे. बारशाला, हळदीकुंकवाला, सोसायटीच्या लिफ्टमध्ये आणि एकदा तर ठाणे स्टेशनच्या पुलावर, संध्याकाळच्या गर्दीत चालता चालता. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नसते हे मला मान्य आहे, पण मुलगा आठ महिन्यांचा, आई घरात, आजी घरात, आणि तरीही उशीवर पू दिसेपर्यंत कुणाला पत्ता लागला नाही, हा त्यातला रोख मला कळतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे त्याने कानाला एकदाही हात लावला नाही. 'कान ओढत असेल ना?' असे सगळे विचारतात, आणि मीही तेव्हा त्याच खुणेची वाट पाहत होते. झोप आली, दात येत असले, नुसता चाळा लागला, तरी बाळे कान ओढतात. आणि खरोखर कान ठणकत असताना एखादे बाळ कानाकडे हातही नेत नाही. माझे त्यातले होते.

जुलै होता. वर्तकनगरच्या आमच्या घरात आठवडाभर दुपटी वाळत नव्हती. त्याला चार दिवस सर्दी होती आणि पाचव्या दिवशी ताप आला. मी बेफिकीर नव्हते, हे मला इथे ठासून सांगायचे आहे. मी ताप मोजून वहीत लिहीत होते, डॉक्टरांनी त्याच्या वजनाप्रमाणे सांगितलेले पॅरासिटामॉलचे थेंब घड्याळ लावून देत होते. ती वही आजही माझ्याकडे आहे. त्या रात्रीच्या पानावर माझ्याच अक्षरात असे आहे : '११.४० दूध, चार घोट, किंचाळून सोडले. १२.०५ खाली ठेवला, रडला. १२.१० खांद्यावर, गप्प. १.१५ दूध, तीन घोट. १.२० खाली ठेवला, रडला.' पहाटेपर्यंत पान असेच भरलेले आहे. भूक असूनही दोन-चार घोटांत स्तन सोडणे, आडवे ठेवताच किंचाळणे आणि उभे धरले की शांत होणे, हे सगळे मी स्वतःच्या हाताने टिपले होते. फक्त ते कशाचे आहे ते मला वाचता आले नाही. दूध सोडले की सासूबाई म्हणत, "दात येतायत गं, हिरड्या शिवशिवतायत." खांद्यावर गप्प झाला की मी म्हणे, याला खांद्याची सवय लागली. प्रत्येक खुणेला घरात एक उत्तर तयार होते, आणि एकेकटे घेतले तर त्यातले कोणतेही उत्तर वेडगळ नव्हते.

तीनच्या सुमारास सासूबाईंनी लसणाची पाकळी घालून तेल कढवले. एरवी मी नको म्हटले असते. त्या रात्री मीच त्याचे डोके मांडीवर घट्ट धरले आणि कोमट तेलाचे दोन-दोन थेंब दोन्ही कानांत पडू दिले.

सकाळी तो शांत झोपलेला होता. उठला तो हसतच, दूधही पोटभर प्यायला. आम्हा दोघींना वाटले, तेलाचा गुण आला. उशीच्या अभ्र्यावर डाव्या बाजूला रुपयाएवढा पिवळट डाग होता, तोही मी तेलाचाच धरला. दुपारी अभ्रा भिजवायला घेताना तो डाग वाळून कडक झालेला बोटाला लागला. तेल असे वाळत नाही. मी तो नाकाशी नेला, तर लसणाचा वास नव्हता, आंबूस वास होता. ज्या सकाळी मी देवापुढे हात जोडले, त्याच सकाळी त्याच्या कानाचा पडदा फाटला होता. आत साठलेला पू बाहेर पडून दाब उतरला, म्हणून ठणका थांबला होता.

संध्याकाळी बालरोगतज्ज्ञांनी दिव्याच्या यंत्रातून कान पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "दूध ओढताना मध्येच सोडून रडत होता का?" मी काही न बोलता वही पुढे केली. नाक-घशातून मध्यकर्णाकडे जाणारी नळी लहान मुलांत आखूड आणि जवळजवळ आडवी असते, सर्दीत ती सुजून तुंबते, पडद्यामागे द्रव साठतो आणि चोखताना-गिळताना दाब बदलला की कळ उठते, हे त्यांनी समजावले. औषध सुरू झाले. कानात तेल, पाणी, काहीही जाऊ द्यायचे नाही अशी सक्त ताकीद मिळाली. काही आठवड्यांत पडदा भरून आला. त्याला आता नीट ऐकू येते.

दोन दिवस आधी दुसऱ्या एका दवाखान्यात नेले होते, तिथे छाती आणि घसा पाहिला, कान पाहिला नाही. याचा राग मी बरेच दिवस धरला. पण दूध सोडतो हे मीही तिथे सांगितले नव्हते, कारण ते मी दातांच्या खात्यात टाकून मोकळी झाले होते. तेव्हाच्या त्या मुलीला मी कधी म्हणते, अगं, पानभर लिहिलेस, मग एकदा सलग वाचले का नाहीस? ती म्हणते, चार रात्री झोपले नव्हते. दोघींचेही खरे आहे.

आता कुणी रडक्या बाळाचे सांगितले की मी कानाबद्दल विचारतच नाही. सर्दी होऊन काही दिवस झाले आहेत का, आडवे केल्यावर रडणे वाढते का, भूक असून दूध सोडते का, एवढेच विचारते, आणि तिन्हींना हो आले तर कान तपासून घ्या म्हणते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट ताप असेल, किंवा कानामागे सूज येऊन कान पुढे ढकललेला दिसला, तर काही न विचारता तडक न्यायला सांगते.

गेल्या पावसाळ्यात कळव्याच्या जाऊबाईंचा रात्री फोन आला. तिन्हींना हो होते. मी सकाळी तपासणीला पाठवले, तर दोन्ही कान स्वच्छ निघाले आणि नाक चोंदल्यामुळे दूध ओढता येत नव्हते एवढेच ठरले. "उगाच घाबरवलंस," त्या म्हणाल्या. त्यांचा पुन्हा फोन आला तरी मी हेच तीन प्रश्न विचारेन.