आभाळाच्या कडेचा उजळ पट्टा: शेवटी चोर सापडला

पट्टा फिरला. फिल्मबरोबर फिरला. रात्री पावणेबाराला ते पाहून मी एवढ्यांदा ओरडलो की बायको उठून आली. तिनं स्क्रीनकडे पाहिलं, म्हणाली, "आभाळ आहे तसंच दिसतंय की," आणि परत झोपायला गेली.

नव्यांसाठी एका ओळीत: मी फिल्मचं निगेटिव्ह उजेडाच्या पॅनलवर ठेवून डिजिटल कॅमेऱ्यानं त्याचा फोटो घेतो, तोच माझा स्कॅन, आणि मग तो उलटवून पॉझिटिव्ह करतो. मागच्या दोन नोंदी ज्यांनी वाचल्यात त्यांना मेणवलीच्या घाटाचं ते निगेटिव्ह आठवत असेल. चार बाय पाच इंचांची सुटी शीट, एफपी-४ ही कृष्णधवल फिल्म, १५० मिलिमीटरची लेन्स, अॅपर्चर एफ-२२. खाली पायऱ्या आणि कृष्णेचं पाणी, डावीकडे चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेतून आलेल्या घंटेचं छोटं देऊळ, आणि वर अर्धी फ्रेम भरून एप्रिलचं कोरडं, ढग नसलेलं आभाळ. त्या आभाळाच्या वरच्या कडेला सहा-सात मिलिमीटरचा उजळ पट्टा येतोय. खरं तर आभाळ वर जाताना गडद व्हायला हवं. इथं ते गडद होत होत जातं आणि कडेशी पोचल्यावर एकदम फिकं पडतं.

त्यात आखूड कडांना नेमकं उलटं, तिथं गडद झाक. म्हणजे एकाच स्कॅनमध्ये एक कड उजळ आणि दोन गडद. मी दोन्हींना एकच रोग समजून औषधं देत बसलो, तिथंच दीड महिना गेला.

गडद झाकेचं आधी उरकतो, कारण ते पंधरा मिनिटांचं काम निघालं. निगेटिव्हच्या बाजूनं पॅनलचा उघडा प्रकाश लेन्समध्ये शिरतो, कडा धुवून काढतो. निगेटिव्हची कड उजळली की पॉझिटिव्हमध्ये ती गडद होणार. मी लांब बाजूंना काळी टेप लावली होती आणि आखूड बाजू आळसानं तशाच सोडल्या होत्या. काळ्या कार्डशीटमध्ये ९५ बाय १२० मिलिमीटरची खिडकी कापली, झाक गेली. यात फिल्मची कोरी किनारही झाकली जाते, आणि ते मनाला लागलं. फिल्म ओळखायच्या खाचांच्या खुणांसकट काळी चौकट दाखवायची मला हौस आहे. पण कोरी किनार म्हणजे अख्ख्या शीटवरची सर्वांत उजळ जागा, आणि ती चित्राला अगदी चिकटून असते. चौकट हवी तर तिचा वेगळा स्कॅन करून जोडा. माझ्यापुरता तो वाद मिटला.

आता उजळ पट्टा. पहिला संशय अर्थातच प्रकाशावर. माझं पॅनल म्हणजे सर्जिकल दुकानातून आणलेला एक्स-रे बघायचा एलईडी डबा. त्यावर दुधी अॅक्रेलिक हवं होतं. एका ऑनलाइन विक्रेत्यानं 'ओपल', म्हणजे दुधी, असं लिहून फ्रॉस्टेड पाठवलं. फ्रॉस्टेडचा फक्त पृष्ठभाग खरखरीत असतो, आतून ते काचेसारखं स्वच्छ. खालचा एकेक एलईडी मोजता येत होता. शेवटी पाट्या बनवणाऱ्या एका कारागिराकडे तीन मिलिमीटरच्या खऱ्या ओपलची कातरण मिळाली, फुकट, वर चहा. अॅक्रेलिक नेहमी पाटीवाल्याकडून घ्या, हात लावून, उजेडासमोर धरून.

ओपल पॅनलपासून चार सेंटिमीटर उचलल्यावर प्रकाश सपाट झाला. तरी पट्टा जागेवर. मग फ्लॅट-फील्ड: निगेटिव्ह काढायचं, कार्डशीटचा मास्क तसाच ठेवायचा, फोकस आणि अॅपर्चरला हात न लावता कोऱ्या प्रकाशाचा रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेला) फोटो घ्यायचा आणि निगेटिव्हच्या फाइलला त्यानं भागायचं. हे पॉझिटिव्हमध्ये उलटवण्याआधी, लिनियर, म्हणजे कॉन्ट्रास्ट न चढवलेल्या, फाइलवरच. कोपरे सुधारले, पट्टा जागेवर. कॅमेऱ्याची मॅक्रो लेन्स एफ-८ वरून एफ-११ वर नेली. जागेवर. जुन्या एन्लार्जरच्या (निगेटिव्ह मोठं करून छापायच्या यंत्राच्या) खांबाला लावलेला कॅमेरा तिरका असेल म्हणून निगेटिव्हच्या जागी आरशाचा तुकडा ठेवला आणि लेन्सचं प्रतिबिंब व्ह्यूफाइंडरच्या बरोबर मधोमध येईपर्यंत खांबाखाली कॅटमधले पत्ते सरकवले. बदामची राणी आणि चौकटची सत्ती, एवढ्यावर समतल आला. त्याचा आनंद वेगळा. कोपऱ्यातलं ग्रेन (फिल्मचे कण) आता सुईसारखं दिसतं. पट्ट्याला मात्र त्याचं काही नव्हतं.

आता माझा गाढवपणा. निगेटिव्ह उलटसुलट फिरवून बघायची परीक्षा मी जूनमध्येच केली होती. १८० अंशांत फिरवलं, पट्टा आभाळातच राहिला. तेव्हाच फिल्मवर बोट ठेवायला हवं होतं. पण मी म्हटलं, माझा सेटअप वर-खाली सारखाच आहे, दोन्ही लांब बाजूंना तोच दोष असेल, मग उलटं केलं तरी आभाळाच्या वाट्याला पट्टा यायचाच. तर्क चूक नव्हता, परीक्षाच चुकीची होती. दोष दोन्ही बाजूंना सारखा असेल तर १८० अंश काहीच सांगत नाहीत. ९० अंशांत फिरवायला हवं. ते मी टाळलं, कारण शीट आडवी केली की ३:२ च्या फ्रेममध्ये बसत नाही, कॅमेरा वर न्यावा लागतो, म्हणजे आरसा आणि राणी-सत्ती पुन्हा पहिल्यापासून.

शिवाय एका मित्राच्या व्ही-७०० या फ्लॅटबेड स्कॅनरवर हेच निगेटिव्ह स्कॅन केलं होतं. तिथंही पट्टा आला. त्यावर मी काय म्हणालो असेन? "फ्लॅटबेडलाही कडा जमत नाहीत!" निगेटिव्ह धरायच्या होल्डरच्या वरची कॅलिब्रेशनची खिडकी झाकली गेली असेल, होल्डरची उंची चुकली असेल, असं त्यालाच ऐकवलं. दोन वेगळी यंत्रं एकाच जागी एकसारखी चूक करत होती आणि मी यंत्रांनाच बोल लावत होतो. मित्रा, माफ कर. तुझा स्कॅनर निर्दोष आहे.

तर परवा रात्री कॅमेरा वर घेतला, निगेटिव्ह ९० अंशांत ठेवलं. पट्टा आता फ्रेमच्या उजव्या बाजूला, उभा, आभाळाला धरून. रॉमध्ये मोजलं: पट्टा आणि त्याच्या सेंटिमीटरभर आतली जागा यांत पाचवा हिस्सा स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे घनता, निगेटिव्हचा काळेपणा, ०.०६ नं जास्त. ऐकायला किरकोळ वाटतं. पण निगेटिव्हचा गॅमा (कॉन्ट्रास्टचं माप) ०.६ धरला तर दृश्यात तो एक तृतीयांश स्टॉप होतो, आणि वर आपण कॉन्ट्रास्ट चढवतो तो निराळा. मोकळ्या आभाळात तेवढा फरक डोळ्यात खुपतोच.

कडा जास्त घन, म्हणजे तिथं जास्त डेव्हलप झालं. फिल्म धुवायच्या, म्हणजे डेव्हलप करायच्या, टाकीतल्या होल्डरमध्ये शीटच्या लांब कडा खाचेत बसतात. द्रावण हलवायला टाकी उलटली की तिथून डेव्हलपर जोरात पळतो. पण हीच टाकी मी थंडीतही वापरली होती आणि तेव्हाची आभाळं स्वच्छ आहेत. डायरी काढली. थंडीत डी-७६ डेव्हलपर स्टॉक, म्हणजे पाणी न वाढवता, २० अंशांना, साडेआठ मिनिटं. मेणवलीचं निगेटिव्ह एप्रिलअखेर धुतलं, नळाचं पाणी २८ अंश, बर्फ आणायचा कंटाळा, तक्त्यावरून वेळ काढली सव्वाचार मिनिटं. पाच मिनिटांच्या खाली जाऊ नये हे आपण सगळे एकमेकांना सांगत असतो. सव्वाचार मिनिटांत मधल्या भागाला कडांची बरोबरी करायला वेळच मिळत नाही.

संशय पक्का करायला एफपी-४ जाळणं परवडत नाही, म्हणून हिरव्याला संवेदनशील एक्स-रे फिल्म कापली. ती लाल दिव्यात हाताळता येते, आणि कॉन्ट्रास्ट इतका तिखट की बारीकसारीक असमानपणाही बोंब मारतो. तिच्यावरचे आकडे एफपी-४ ला लावू नका, फक्त आकृती बघा. एकसारखा प्रकाश द्यायला खोलीच्या दुसऱ्या टोकाला, अडीच मीटरवर, पांढरा झिरोचा बल्ब लावला. एका सेकंदात फिल्म ठार काळी! मग बल्ब बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातला, खिळ्यानं भोक पाडलं, त्यावर ट्रेसिंग पेपर. चार सेकंदांत छान राखाडी.

एक तुकडा टाकीत, गीझरचं पाणी मिसळून मुद्दाम २८ अंशांना: दोन्ही लांब कडांना पट्टे, ठसठशीत. दुसरा त्याच पाण्यात, पण ट्रेमध्ये, आळीपाळीनं चारही बाजू उचलत: जवळजवळ सपाट. लाल दिव्यात तो सगळीकडून एकदम काळवंडताना बघणं, त्यासाठी तरी एकदा हे करून बघा. तिसरा टाकीतच, १+१ (डेव्हलपरइतकंच पाणी मिसळून), २४ अंश, साडेसात मिनिटं: पट्टे आहेत, पण शोधावे लागतात.

म्हणून ठरवलं होतं की यापुढे १+१, २४ अंश, टाकी हळू उलटायची, आणि मेणवलीचं आभाळ हातानं बर्न करून, म्हणजे तेवढाच भाग गडद करून, सोडून द्यायचं. पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचतंय. एक कोरी एफपी-४ शीट त्या डब्याच्या दिव्यानं आभाळाइतक्या घनतेला एक्स्पोज करायची, त्याच टाकीत, त्याच २८ अंशांना, तेवढीच सव्वाचार मिनिटं धुवायची, आणि तिचाच स्कॅन फ्लॅट-फील्ड म्हणून वापरायचा. पट्टा पट्ट्यानंच भागायचा! पायऱ्यांच्या सावल्यांत हे चुकेल, तिथं घनताच कमी, म्हणून दुरुस्ती फक्त आभाळाच्या मास्कमध्ये. त्या दिवशीच्या आणखी तीन शीट आहेत, त्यांनाही हाच इलाज चालावा. एक एफपी-४ गेली तरी हरकत नाही. हाताच्या बर्निंगपेक्षा हे स्वच्छ होईल.

राहिला ट्रेचा प्रश्न. शिस्तीत करायचं तर पाच बाय सातच्या, तळाला कंगोरे असलेल्या तीन ट्रे हव्यात. गुळगुळीत तळाला शीट चिकटून बसते. परवाची परीक्षा मी श्रीखंडाच्या डब्यात केली आणि फिल्म उचलताना दोन चरे पडले. कुणाच्या माळ्यावर जुन्या डार्करूमच्या ट्रे पडल्या असतील तर कळवा. डागाळलेल्या चालतील, फुटक्या नकोत. बदल्यात ओपलची कातरण देतो, अजून दोन तुकडे उरलेत.