ओव्हरड्राइव्ह पेडल हाताने बांधताना: माझा अनुभव

ओव्हरड्राइव्ह, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारं, पायाने चालू-बंद करायचं पेडल, बांधायला घेतलं तेव्हा सर्किट निवडलं ते आयबानेझच्या टीएस८०८ चं, म्हणजे जुन्या ट्यूब स्क्रीमरचं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीचं हे सर्किट लोकांनी इतक्या वेळा उकललंय की कुठला भाग काय करतो आणि कुठे किती व्होल्ट दिसायला हवेत, सगळं ठाऊक आहे. पेडल मुकं राहिलं की याच माहितीवर निभावतं.

वाद सगळे चिपवर, म्हणजे सिग्नल मोठा करणाऱ्या ऑप-अँपवर होतात. जुनी जेआरसी ४५५८ हवीच, नाहीतर तो आवाज नाही, असं ठासून सांगणारे पुष्कळ. मी बोर्डावर आठ पायांचा सॉकेट बसवला आणि ४५५८ काढून टीएल०७२ लावून ऐकली. फरक आहे, पण गिटारचा टोन नॉब जरासा हलवला तर त्याहून जास्त पडतो. खरा आवाज चिपभोवतीच्या मोजक्या भागांत आहे.

चिपच्या उलट्या इनपुटपासून ग्राउंडकडे ४.७ के (के म्हणजे किलोओम) रेझिस्टर आणि ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर एकामागे एक लागतात. या जोडीमुळे साधारण ७२० हर्ट्झच्या खाली गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो ते, उतरत जातो. म्हणून जाड तारांचा चिखल होत नाही आणि मधला पट्टा पुढे येतो. फीडबॅकमध्ये, म्हणजे चिपच्या आउटपुटपासून त्याच उलट्या इनपुटकडे परतणाऱ्या वाटेत, ५१ के आणि ५०० के चा ड्राइव्ह पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर), त्यामुळे गेन सुमारे १२ पटीपासून ११८ पटीपर्यंत जातो. त्याला समांतर ५१ पिकोफॅरड. ४७ मिळाला तरी बिनधास्त लावावा. तिथेच सिग्नलची टोकं कापणारे दोन १एन४१४८ डायोड, एकमेकांच्या उलट तोंडाने. डायोड ग्राउंडकडे न लावता फीडबॅकमध्ये असल्याने मूळ सिग्नल कापलेल्या सिग्नलमध्ये मिसळूनच बाहेर पडतो, आणि म्हणून हलक्या हाताने वाजवलेलं हलकंच ऐकू येतं. डायोडऐवजी लाल एलईडी लावले तर कापणं उशिरा सुरू होतं, आवाज मोठा आणि मोकळा होतो; जर्मेनियम लावले तर लवकर दबतो. डायोडच्या जागीही सॉकेटच्या पट्टीचे तुकडे बसवले, म्हणजे दरवेळी सोल्डर उकरायला नको.

बाकीचं सामान थोडक्यात: पाव वॉटचे मेटल फिल्म रेझिस्टर, टोनसाठी ०.२२ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, २० के चा टोन पॉट (बी२५के चालतो), ए१००के चा व्हॉल्यूम (बी म्हणजे लिनिअर, ए म्हणजे लॉग). ड्राइव्हलाही लॉग पॉट घ्यावा. लिनिअर लावला की फिरवायला लागताच गेन एकदम उसळतो. अर्ध्या व्होल्टेजसाठी (नऊचे साडेचार) १० के चे दोन रेझिस्टर आणि ४७ मायक्रोफॅरड. नऊ व्होल्टच्या वाटेत १एन५८१७ डायोड टाकला, उलटा अडॅप्टर कुणी लावलाच तर काही जळू नये म्हणून.

आता जिथे हमखास घोळ होतो ते. पाच पट्ट्यांच्या रेझिस्टरवर १ के, १० के आणि १०० के यांच्यात फक्त चौथी पट्टी वेगळी: तपकिरी, लाल, नारिंगी. पिवळ्या दिव्याखाली लाल आणि नारिंगी एकच दिसतात. प्रत्येक रेझिस्टर बोर्डात घालण्याआधी मल्टिमीटरवर मोजावा. कपॅसिटरवर ४७३ म्हणजे ४७ नॅनो, पण ४७० म्हणजे ४७ पिको. ही अदलाबदल झाली तर पेडल वाजतं खरं, पण गेन जवळजवळ मिळतच नाही.

ट्रान्झिस्टरची गोष्ट याहून वाईट. मूळ सर्किटात २एससी१८१५ आहे. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर त्याचे पाय डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस. २एन३९०४ मध्ये एमिटर, बेस, कलेक्टर. बीसी५४७ मध्ये कलेक्टर, बेस, एमिटर. तिन्ही इथे चालतात, पण आराखड्यावरचा अर्धगोल पाहून डोळे झाकून बसवले तर नाही.

आधी बुटके भाग, मग सॉकेट, मग कपॅसिटर, तारा शेवटी. सोल्डर ६३/३७, जाडी ०.८ मिमी, सोल्डरिंग आयर्न ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास. फूटस्विच नऊ पायांचा घेतला. त्याच्या पायावर दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकलं तर आतलं प्लास्टिक मऊ होतं आणि स्विच कधी लागतो, कधी नाही. तारा लावताना चपट्या पायांची दिशा आराखड्याशी जुळवून घ्यावी. ९० अंश फिरलेला स्विच दिसायला तसाच दिसतो. मूळ पेडलमधली इलेक्ट्रॉनिक स्विचिंग वगळली, म्हणून इनपुट आणि आउटपुटला ग्राउंडकडे १ मेगओमचा एकेक रेझिस्टर दिला. तो नसेल तर पाय टाकताच ‘टप्प’ असा आवाज येतो.

डब्यात कोंबण्याआधी तपासणी. चिप न लावता वीज द्यायची: पाय ८ वर नऊच्या किंचित खाली, पाय ४ वर शून्य. मग वीज काढून चिप लावायची. आता १, २, ६, ७ या पायांवर साडेचारच्या जवळपास आकडा हवा. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरवर मात्र तीन-साडेतीन दिसले तर घाबरू नये; बेसला ५१० के मधून वीज मिळते आणि त्यात थोडे व्होल्ट खर्ची पडतात.

व्होल्टेज बरोबर आणि तरी आवाज नाही, तर ऑडिओ प्रोब, म्हणजे सिग्नल कुठपर्यंत पोचतो ते ऐकायचं साधन. जॅकच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्याची मोकळी तार म्हणजे प्रोब. जॅकचं ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला आणि केबल अँपला. अँपचा आवाज कमी ठेवून इनपुटपासून एकेक टप्पा शिवत जायचं. जिथे सिग्नल गायब होतो त्याच्या अलीकडच्या दोन-तीन जोडांपैकीच एक कच्चा असतो, किंवा बोर्डावरच्या दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये सोल्डरचा केसाएवढा पूल.

१२५बी मापाच्या धातूच्या डब्याला छिद्रं: जॅकला ९.५ मिमी, पॉटला ७, फूटस्विचला १२. सेंटर पंचने खूण करून आधी ३ मिमीचं छिद्र पाडावं, नाहीतर बिट घसरतं. डबा रंगवलेला असेल तर जॅक बसतो तिथला आतला रंग खरवडावा. डब्याला ग्राउंड मिळालं नाही की बोट लावलं तरी गुणगुण बदलते. ड्राइव्ह पूर्ण उघडल्यावर शिट्टी वाजली तर इनपुट-आउटपुटच्या तारा शेजारून गेल्यात. इनपुटला शील्ड असलेली तार घ्यावी, शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करावी, आणि पॉटच्या पाठीवर झाकण्या किंवा चिकटपट्टी लावूनच बोर्ड आत ठेवावा.

बॅटरीचं काळं टोक इनपुटच्या स्टीरिओ जॅकच्या मधल्या कडीला जोडलं, म्हणजे केबल काढली की वीज बंद. अडॅप्टर मात्र मध्य ऋण (प्लगचं आतलं टोक ऋण) असलेलाच. आणि सिंगल कॉइल पिकअपला आवाज फार पातळ वाटला तर तो ४७ नॅनो काढून १०० नॅनो लावावा: कट ७२० वरून ३४० हर्ट्झजवळ येतो.