सूर्यास्तानंतर थरथरणारे संकेत

उपग्रहाकडून येणारा रेडिओ संकेत आयनांबरातून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित कणांच्या थरातून) जाताना रेंगाळतो. हा विलंब वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे दोन वारंवारता घेणारा रिसीव्हर तो जवळजवळ पूर्णपणे वजा करू शकतो. मला अधिक विलक्षण वाटते ते संकेताचे लुकलुकणे, म्हणजे त्याची तीव्रता झपाट्याने कमी-जास्त होणे, कारण ते असे वजा होत नाही.

चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जेथे क्षितिजसमांतर असते ती रेषा, भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. तेथे सूर्यास्तानंतर आयनांबराचा वरचा थर उचलला जातो, त्याची खालची बाजू अस्थिर होते आणि कमी घनतेचे बुडबुडे पाण्यातील हवेसारखे वर चढून चुंबकीय रेषांच्या अनुरोधाने उत्तर-दक्षिण पसरतात; त्यांतून जाताना संकेत लुकलुकतो. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे तमिळनाडूतील तिरुनेलवेलीचे केंद्र त्यामुळे अगदी मोक्याच्या जागी आहे, असे मी मानतो.

निरीक्षणासाठी रिसीव्हर संकेताची तीव्रता सेकंदाला साधारण ५० वेळा नोंदवतो; एका मिनिटातील नोंदींच्या प्रमाण विचलनाला त्यांच्या सरासरीने भागले की 'एस-फोर' हा लुकलुकण्याचा निर्देशांक मिळतो. क्षितिजालगतचे उपग्रह मात्र गाळलेले बरे, कारण इमारतींवरून परावर्तित झालेले संकेतही तसेच थरथरतात (शहरात तर ही कटकट फारच). सौरचक्र (सूर्याच्या सक्रियतेचे सुमारे ११ वर्षांचे चक्र) भरात असताना, विषुवदिनांच्या आसपासच्या रात्री हा आकडा १ च्या जवळ पोहोचू शकतो आणि रिसीव्हरची उपग्रहावरील पकड सुटते. कमी वारंवारतेला हा त्रास अधिक होतो. म्हणजे जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झपेक्षा 'नाविक' या भारतीय उपग्रह दिशादर्शन प्रणालीच्या ११७६.४५ मेगाहर्ट्झच्या संकेताला त्याची झळ जास्त बसते.