साधी निघालेली गाठ

गेल्या पावसाळ्यात माझ्या उजव्या स्तनात एक गाठ हाताला लागली. तिची रीतसर तपासणी झाली आणि ती कर्करोगाची नाही, असे निदान झाले. शेवट आधीच सांगून टाकते, कारण हे लिहावेसे वाटले ते त्या शेवटामुळेच. ज्यांच्या गाठीतून कर्करोग निघतो त्या स्त्रियांविषयी नात्यागोत्यात, शेजारीपाजारी वर्षानुवर्षे बोलले जाते. ज्यांची गाठ साधी निघते त्या सुटकेचा निःश्वास टाकून घरी येतात आणि पुन्हा तो विषय काढत नाहीत. वास्तविक स्तनात हाताला लागणाऱ्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. परंतु त्यांची हकीकत कोणीच सांगत नसल्यामुळे गाठ म्हटले की एकच आजार डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि त्या धास्तीने कितीतरी जणी डॉक्टरांकडे जाण्याचेच लांबणीवर टाकतात. म्हणून माझी साधी हकीकत मी सविस्तर लिहीत आहे.

माझे वय त्रेचाळीस. अंघोळीच्या वेळी साबणाचा हात फिरवताना काखेच्या बाजूला, वरच्या अंगाला काहीतरी टणक लागले. सुपारीएवढी, गुळगुळीत आणि बोटांखाली थोडी सरकणारी अशी ती गाठ होती. पाळीच्या आधी स्तन जड होतात, थोडे गाठाळ लागतात, हे मला ठाऊक होते. मात्र पाळी संपून आठवडा उलटल्यानंतरही ती तिथेच होती. दुखत अजिबात नव्हती. आमच्या घरात कोणाला हा आजार झालेला नाही, हेही लगेच मनात आले. पुढे शल्यचिकित्सकांनी समजावले की या दोन्ही गोष्टींवर विसंबून राहता येत नाही. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, आणि ज्यांना हा आजार होतो त्यांच्यापैकी बहुतेकींच्या कुटुंबात तो आधी कोणाला झालेला नसतो.

सगळ्यात आधी मी सांगितले ते माझ्या थोरल्या जाऊबाईंना. आम्ही कराडला एकाच वाड्यात शेजारी राहतो आणि मी त्यांना अक्का म्हणते.

‘दुखतंय का गं?’ त्यांनी विचारले.

‘नाही, अक्का. अगदी दाबलं तरी नाही.’

‘मग तर थांबायचंच नाही. माझ्या माहेरी शेजारच्या काकींचीही दुखत नव्हती, म्हणून वर्षभर कोणाला बोलल्या नाहीत. तू उद्याच चल, मी येते.’

दुखत नाही म्हणून स्वस्थ बसायचे, हा आपल्याकडचा सर्वसाधारण नियम त्यांनी एका वाक्यात उलटा केला, आणि तोच योग्य होता.

आम्ही प्रथम जवळच्याच एका दवाखान्यात गेलो. तेथे गाठ वरवर चाचपून दुधाची गाठ असावी असे सांगण्यात आले, जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या गेल्या आणि दोन महिन्यांनी या, असा निरोप मिळाला. माझी धाकटी मुलगी यंदा दहावीला आहे. तिचे अंगावरचे दूध सुटून एक तप लोटले आहे. काखा तपासल्या गेल्या नाहीत, सोनोग्राफी सुचवली गेली नाही. त्या डॉक्टरांचा अंदाज कदाचित बरोबरही ठरला असता, पण अंदाज आणि निदान यांत फार मोठे अंतर असते, आणि ते अंतर रुग्णाने दोन महिने वाट पाहून भरून काढायचे नसते. बाहेर पडल्यावर अक्का म्हणाल्या, ‘हे काही पटलं नाही बघ मला.’ मलाही पटले नव्हते.

येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगायला हवी. स्तनाची तक्रार म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञांचे काम, असा आपला समज असतो. पहिली तपासणी त्यांच्याकडे करून घेण्यात काही गैर नाही, परंतु स्तनातील गाठीचे निदान आणि उपचार हा मुख्यतः शल्यचिकित्सकाचा, म्हणजेच सर्जनचा, विषय आहे. मोठ्या शहरांत केवळ स्तनांच्या आजारांवर काम करणारे सर्जनही असतात. आम्ही कोल्हापूरला अशाच एका सर्जनकडे गेलो. ते पुरुष होते. तपासणीच्या वेळी त्यांनी स्वतःहून परिचारिकेला आत बोलावले आणि अक्कांनाही थांबू दिले. जिथे असे होत नाही तिथे स्त्रीने तशी मागणी निःसंकोच करावी. ती कोणताही जबाबदार डॉक्टर नाकारणार नाही.

त्यांची तपासणी आधीच्या तपासणीहून पूर्णपणे निराळी होती. प्रथम त्यांनी समोर बसवून नुसते निरखले, मग हात कमरेवर दाबून आणि नंतर डोक्यावर घेऊन पुन्हा पाहिले, कारण त्वचेला खळी पडत असेल किंवा बोंड आत ओढले जात असेल तर ते अशा हालचालीत दिसते. नंतर झोपवून दोन्ही स्तन, दोन्ही काखा आणि गळपट्टीच्या हाडाच्या वरची जागा तपासली. पाळी कितव्या वर्षी आली, पहिले मूल कितव्या वर्षी झाले, अंगावर किती काळ पाजले, संप्रेरकांच्या गोळ्या घेतल्या आहेत का, हे विचारले. कुटुंबाविषयी विचारताना आई, मावशी, आजी यांच्याबरोबर त्यांनी आत्यांचीही चौकशी केली. आनुवंशिक दोष वडिलांकडूनही येऊ शकतो, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते.

त्यानंतर त्यांनी एका कागदावर तीन गोष्टी लिहिल्या: हाताने तपासणी, प्रतिमा, सुई. स्तनातील गाठीचे निदान या तीन पायऱ्यांनी होते आणि तिन्हींचे उत्तर जुळले तरच ते पक्के मानले जाते. नुसत्या हाताला ती साधी लागते एवढ्यावर थांबायचे नाही, नुसत्या फोटोवरही नाही. ज्या कोणाला आज गाठ लागली असेल तिने निदान एवढे तरी डॉक्टरांना विचारावे, की माझ्या बाबतीत या तिन्हींपैकी काय काय करायचे आहे आणि एखादे करायचे नसेल तर का.

प्रतिमांपैकी पहिली मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे. त्या दिवशी अंगाला पावडर किंवा डिओडरंट लावून जायचे नसते, कारण त्यातील कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात. प्रत्येक स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेतले जातात. दाब सहन करण्याजोगा असला तरी जाणवतो, आणि तो काही सेकंदच असतो. गाठ एका बाजूला असली तरी तुलनेसाठी दोन्ही बाजू पाहतात. तरुण वयात स्तनाची ऊती दाट असल्याने मॅमोग्राफीत गाठ लपू शकते, म्हणून साधारण पस्तिशीच्या आतल्या स्त्रियांची आधी सोनोग्राफी करतात. माझीही ऊती दाट निघाली, तेव्हा त्याच दिवशी सोनोग्राफीही झाली. गाठ पाण्याने भरलेली आहे की भरीव, हे सोनोग्राफीत कळते. माझी भरीव होती.

रिपोर्ट हातात आला आणि त्यावर ‘बायरॅड्स ४ ए’ असे लिहिलेले होते. यजमानांनी तो वाचला आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांना वाटले, चौथी स्टेज. हा गैरसमज आणखी किती घरांत होत असेल, या विचाराने मला आजही वाईट वाटते. बायरॅड्स हा आकडा आजाराची अवस्था सांगत नाही; फोटोत जे दिसले त्याबद्दल किती संशय आहे, तेवढेच तो सांगतो. त्याची पट्टी ० ते ६ अशी असते. ० म्हणजे आणखी तपासणी हवी, १ आणि २ म्हणजे काळजीचे काही नाही, ३ म्हणजे बहुधा साधी, कर्करोगाची शक्यता फार तर २ टक्के. ४ म्हणजे संशयास्पद, सुईने तुकडा काढून पाहावा. त्यातही ‘४ ए’ मध्ये ही शक्यता २ ते १० टक्क्यांदरम्यान धरली जाते, म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक शक्यता गाठ साधी असण्याचीच. ५ मध्ये संशय फार बळकट असतो, आणि ६ हा आकडा कर्करोग आधीच सिद्ध झालेल्या रुग्णासाठी राखलेला असतो. रिपोर्ट देणाऱ्या खिडकीपाशी हे चार ओळींत छापून लावले, तर कितीतरी कुटुंबांच्या जिवाची घालमेल वाचेल.

सुईच्या तपासणीला घरून विरोध झाला. सासूबाईंचे म्हणणे असे की सुई टोचली की गाठ चिडते आणि पसरते. त्यापेक्षा ती सरळ कापून काढून टाका. त्या काळजीपोटी बोलत होत्या आणि हा समज एकट्या त्यांचा नाही. सर्जननी त्यांना समोर बसवून शांतपणे सांगितले, ‘आजी, सुईमुळे आजार वाढतो, असं आढळलेलं नाही. उलट न तपासता गाठ काढली आणि ती कर्करोगाची निघाली, तर शस्त्रक्रिया अपुरी ठरून पुन्हा करावी लागते. आधी नाव कळू दे, मग कापायचं की नाही ते ठरवू.’ बारीक सुईने नुसत्या पेशी ओढून घेण्याची एफएनएसी नावाची तपासणी अजूनही पुष्कळ ठिकाणी होते. माझी मात्र ट्रूकट बायोप्सी झाली, ज्यात ऊतीचे बारीक तुकडे मिळतात. कर्करोग निघालाच तर तो संप्रेरकांना प्रतिसाद देणारा आहे का, हेही त्याच तुकड्यांवरून तपासता येते, आणि पुढचे उपचार त्यावर ठरतात.

जागा बधिर करण्याचे इंजेक्शन टोचले तेवढेच दुखले. नंतर सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुई आत गेली आणि प्रत्येक तुकडा घेताना खटकन आवाज झाला. त्या आवाजाची कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली होती, त्यामुळे मी दचकले नाही. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती आधी सांगावी लागतात. नंतर काही दिवस तेथे निळसर डाग राहिला, एवढेच.

खरी परीक्षा होती ती रिपोर्ट येईपर्यंतच्या दिवसांची. या दिवसांत आधार कशाला म्हणायचे, हे मला दोन बायकांनी दाखवले. एक अर्थातच अक्का. डॉक्टरांसमोर माझे अर्धे लक्ष भीतीत गुंतलेले असे, म्हणून प्रश्न घरूनच वहीत लिहून नेण्याचे आणि उत्तरे स्वतः लिहून घेण्याचे काम त्यांनी पत्करले. निदान होईपर्यंत नातेवाइकांना कळवायचे नाही, हेही त्यांनीच ठरवले, आणि रोज येणारे चौकशीचे फोन त्यामुळे टळले. दुसरी आमच्या शाळेतील एक शिक्षिका, जिच्यावर काही वर्षांपूर्वी याच आजाराचे उपचार झाले. ‘काही होणार नाही बघ,’ असे सगळेच म्हणतात. तिने तसे काही म्हटले नाही. ‘रिपोर्ट कधी आहे? मी रजा टाकते,’ एवढेच ती म्हणाली. वाईट बातमी आली असती तरी ती बाई समोर धडधाकट उभी होती, वर्गावर जात होती, आणि हे पाहणे कोणत्याही समजुतीच्या शब्दांपेक्षा मला अधिक उपयोगी पडले.

रिपोर्टमध्ये फायब्रोॲडेनोमा हे नाव आले. स्तनातील ग्रंथी आणि तंतुमय ऊती यांची ही साधी गाठ विशी-तिशीत सर्वाधिक आढळते, पण चाळिशीनंतरही दिसू शकते. सर्जननी तो रिपोर्ट मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीशी ताडून पाहिला. तिन्ही जुळत होते. जुळले नसते तर बायोप्सी पुन्हा करावी लागली असती, किंवा गाठ काढून तपासावी लागली असती. गाठ लहान असल्याने ती काढण्याची गरज नाही, सहा महिन्यांनी सोनोग्राफी करू आणि वाढत असेल तर काढू, असे ठरले. मध्यंतरी बोंडातून रक्त आले, त्वचेला खळी पडली, ती संत्र्याच्या सालीसारखी जाड झाली, बोंड नव्याने आत ओढले गेले किंवा काखेत अवधाण आले, तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट न पाहता यायचे, असे त्यांनी बजावले.

भारतात २०२२ मध्ये स्तनांच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे, आणि आपल्याकडे अनेक स्त्रिया आजार पुढे गेल्यावरच रुग्णालयात पोहोचतात. अशा वेळी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने केलेला एक दीर्घ अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात मुंबईतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. त्यांतील निम्म्या गटाकडे प्रशिक्षित आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी जाऊन केवळ हाताने स्तनांची तपासणी करीत. वीस वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात आजार तुलनेने आधीच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मृत्यूंत तसा फरक दिसला नाही. महागडे यंत्र नसतानाही शिकलेल्या हातांनी एवढे साधले, ही गोष्ट गावोगावच्या उपकेंद्रांपर्यंत पोहोचायला हवी.

हे सगळे मी अक्कांना वाचून दाखवले, कारण त्यांनी छप्पन्नावे वर्ष ओलांडले आहे आणि आजवर एकदाही तपासून घेतलेले नाही. ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणून त्यांनी आधी उडवून लावले. मग मीच त्यांना विचारले, ‘अक्का, तुम्हाला काही दुखतंय का?’ त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत आणि नंतर म्हणाल्या, ‘घे माझंही नाव.’ माझ्या पुढच्या सोनोग्राफीच्या दिवशीच त्यांची मॅमोग्राफी ठरली आहे. माझी जुनी फिल्म आणि सगळे रिपोर्ट सोबत न्यायचे आहेत, कारण गाठ वाढली की नाही हे मागच्या मापाशी ताडूनच कळते. अक्कांसाठीही एक नवी फाइल आणून ठेवली आहे.